बदलीवर आलेले काका

ओजस, रेवा,

“मी तर बदलीवर आहे,” असं म्हणून बाकाच्या अगदी टोकाला बसणाऱ्या एका माणसाबद्दल तुम्हाला लिहिते आहे. हे बाबांकडून वाचून घ्या. मराठी बोललेलं तुम्हाला सगळं कळतं, पण माझी जोडाक्षरं तुम्हाला झेपत नाहीत, हे मला माहीत आहे. शिवाय हे बाबांनीच मोठ्यानं वाचावं, अशी माझी इच्छा आहे.

आताच का, तेही सांगते. दिवाळीला फोनवर, ओजस, तू मला म्हणालास, “आजी, माझी टीम हरतेच आहे. दे आर ऑल बेबीज. दोन बेबीज देऊन एक म्हातारा प्लेअर घ्यावा की नाही? यू टेल मी.” तुझी ती टीम कॉम्प्युटरवरची, खऱ्या खेळाडूंची नावं घेऊन मांडलेली, एवढं मला कळलं. मी म्हटलं, लिहून कळवते. तू हसलास. आजी बास्केटबॉलबद्दल काय लिहून कळवणार! पण मी दोन हिवाळे एका संघाचं स्कोअरबुक ठेवलेलं आहे, आणि त्यात एकही खाडाखोड नाही. दुसरं कारण असं की ज्यांच्याबद्दल लिहिते आहे ते गृहस्थ गेल्या महिन्यात नागपूरला वारले. त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांच्या घरच्यांना मी विचारलेलं नाही.

हे २००२ सालचं. तुमचे आजोबा जाऊन दोन वर्षं झाली होती, मी इथल्या लायब्ररीत अर्धवेळ काम करत होते आणि बाबा एकोणतीस वर्षांचे होते. मॉरिसव्हिलमधल्या देशी लोकांनी मिळून बास्केटबॉलची एक लीग सुरू केली होती. सहा संघ, एक भाड्यानं घेतलेला हॉल, आणि दर रविवारी दुपारी सामने. आपल्या मराठी मंडळाचाही एक संघ होता आणि बाबा त्याचे कॅप्टन होते. बाबांना नीटनेटकं लिहिणारं कोणीतरी हवं होतं, म्हणून मी.

संघ कसा होता, ते सांगते. सगळी पोरं तेवीस-चोवीस वर्षांची, पुण्याची, नाशिकची, सांगलीची, कंपन्यांनी विमानात बसवून इथे आणून सोडलेली. कॉलेजात थोडंफार खेळलेली. चेंडू हवेत गेला की तिघं एकदम “माझा, माझा” ओरडत आणि चेंडू चौथ्याच, विरुद्ध बाजूच्या माणसाकडे जाई. अमित नावाचा एक मुलगा बास्केट झाली की ती कोणत्याही संघाची असली तरी टाळ्या वाजवायचा. आदल्या वर्षी आम्ही शेवटच्या क्रमांकावर आलो होतो. लीगचा नियम असा होता की लागोपाठ दोन वर्षं शेवटचा राहिलेला संघ बाहेर. दारात सातवा संघ वाट पाहतच होता.

त्या वर्षीही पहिले पाचही सामने आम्ही हरलो. पाचव्या सामन्यानंतर सगळे आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसले.

“एक तरी मोठा माणूस हवा कोर्टवर,” बाबा म्हणाले. “शांत करणारा. आपण ट्रेड करू.”

“म्हातारा आणून काय करणार, यार?” अमित म्हणाला. “हाफ टाइमला बीपीची गोळी कोण देणार त्याला? मावशी?” मावशी म्हणजे मी.

“अरे, पण पोरांनीच हरत राहून शिकायचं, तर शिकेपर्यंत लीगमध्ये राहू का आपण?”

असा तासभर वाद झाला. लहान संघाला वेळ द्यावा, की अनुभवी माणूस आणावा. शेवटी अनुभव जिंकला. हायवेपलीकडच्या एका कंपनीच्या संघाच्या यादीत एक सत्तेचाळीस वर्षांचे नागपूरचे गृहस्थ होते. यादीत नुसतं नाव होतं. वर्षभर त्यांचा प्रोजेक्ट दुसऱ्या गावी होता, नुकतेच ते परत आले होते. तरुणपणी विद्यापीठाकडून खेळलेले, असं ऐकलं होतं. त्या संघाचा कॅप्टन म्हणाला होता, घेऊन जा, पण बदल्यात मला एक पळणारा पोरगा द्या.

पळणारा पोरगा म्हणजे निखिल. सगळ्यांत बुटका, सगळ्यांत चपळ, अमेरिकेत येऊन आठ महिने झालेले. त्याच्याकडे गाडी नव्हती, आणि त्या बैठकीसाठी त्याला आणायला कोणी गेलं नव्हतं. बाबांनी त्याला तिथूनच फोन लावला. “अरे, तू त्यांच्याकडून खेळशील का? त्यांना चेंडू घेऊन पळणारा गार्ड हवा आहे. चालेल ना?”

निखिल म्हणाला, “चालेल, दादा.”

आपल्या लोकांना ‘चालेल का’ विचारलं की ‘चालेल’ असंच उत्तर येतं. ‘त्याला नीट विचारलंत का?’ असं मी म्हणाले, असं इथे लिहायला मला आवडलं असतं. मी म्हणाले ते वेगळंच. मी म्हणाले, “ट्रेड, ट्रेड काय करता? माणसं आहेत की शेअर्स? मराठीत शब्द आहे त्याला. बदली म्हणा.”

माझे वडील सरकारी नोकरीत होते. दर तीन वर्षांनी त्यांची बदली व्हायची. ट्रक यायचा, सामान चढायचं, नव्या गावी बंगला आणि शिपाई तयार असायचा. बदली हा शब्द मला तेवढाच माहीत होता. शाळा इंग्रजी झाली, तरी माझं मराठी मंडळात शुद्ध समजलं जायचं. म्हणून नागपूरच्या गृहस्थांना पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी छान अक्षरात लिहिलं: “आपण आमच्या संघात बदलीवर यावे, अशी सर्वांची विनंती आहे.”

पुढच्या रविवारी ते आले. उंच, सावळे, केस बारीक कापलेले. जाकीट काढून त्याची चार पदरी घडी केली, बाकाच्या टोकाला, माझ्या टेबलाला लागून ठेवली आणि शेजारी बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर. मग बाबांना विचारलं, “आजारी कोण आहे?”

बाबा हसले. “सगळेच, काका! स्कोअर बघा आमचा.”

तेही हसले. बाबा म्हणाले, “चला, स्टार्ट करा तुम्ही.” त्यावर ते म्हणाले, “नाही, नाही. पोरं खेळू द्या आधी. मी तर बदलीवर आहे.” आम्हाला वाटलं, काय विनयशील माणूस आहे!

दुसऱ्या अर्ध्यात एक मुलगा दमला तेव्हा ते उठले. कोर्टवर जाताना त्यांनी त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. “पाच मिनिटं बस. परत बोलावतो.” आणि खरंच, बरोबर पाच मिनिटांनी स्वतः बाहेर येऊन त्याला आत पाठवलं. हे ते प्रत्येक वेळी करायचे. खेळ चांगला चाललेला असो, वाईट असो, पाच मिनिटं झाली की बाहेर.

त्यांचं खेळणं वेगळं होतं. बाकीचे चेंडू मागच्या फळीवर आपटून कडीत घालायचे. हे कधीच नाही. त्यांचा चेंडू उंच जायचा आणि वरून सरळ कडीत उतरायचा, आवाज न करता. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “आमच्या वस्तीत नुसती कडी होती, ताई, खांबाला ठोकलेली. फळीला पैसे नव्हते. हुकला की बॉल थेट नाल्यात. मग काय, हुकवायचाच नाही.”

त्यांच्यासोबतचा पहिला सामना आम्ही जिंकलो. दुसराही जिंकलो. पहिल्या सामन्याच्या वेळीच त्यांनी माझ्या हातातला डबा पाहिला होता. मी सामन्याआधी पोरांना साबुदाण्याची खिचडी द्यायचे, घरापासून लांब असतात म्हणून, भरपूर तूप घालून. ते अदबीनं म्हणाले, “ताई, हे खेळून झाल्यावर द्या नं. पोरं जड होऊन राहिली.” पाच पराभवांत माझ्या खिचडीचा वाटा किती, हा हिशेब मी कधी केला नाही. डबा मात्र त्या दिवसापासून सामन्यानंतर उघडू लागला.

तिसरा सामना हायवेपलीकडच्या त्याच संघाशी होता. तोही आम्ही जिंकलो. पोरं नाचत होती. मी वही मिटून पाहिलं, तर काका समोरच्या बाकापाशी उभे होते. तिथे निखिल बसला होता. पूर्ण सामना तो बसूनच होता. अंगात त्या संघाची नवी जर्सी, तिच्या घड्याही मोडलेल्या नव्हत्या.

त्यांचं बोलणं मला ऐकू आलं नाही. ते काकांनी मला नंतर पार्किंगमध्ये सांगितलं. कडक थंडी होती. मी गाडीत डबे ठेवत होते.

“ताई, तो नाशिकचा पोरगा. तो तुमच्यातला होता?”

“हो. निखिल.”

“तो म्हणतो, काका, मी तुमच्या बदल्यात गेलो.” त्यांनी जाकिटाची चेन वर ओढली. “तुम्ही तर बदलीवर या, असं लिहिलं होतं.”

“मग? तेच ना?”

“माझ्यासाठी माणूस दिला, असं नव्हतं लिहिलं.”

मला अजूनही कळलं नव्हतं. मी म्हणाले, “ट्रेडला मराठीत दुसरा काय शब्द आहे?”

त्यांनी गाडीच्या टपावर हात ठेवला आणि सावकाश सांगितलं. त्यांचे वडील नागपुरात कापडाच्या गिरणीत बदलीवर होते. बदलीवर म्हणजे रोज सकाळी पाळीच्या आधी गेटाबाहेर उभं राहायचं. कायम कामगारांपैकी कोणी आजारी पडला, कोणाच्या घरी मयत झाली, तर आतून बदलीवाल्याचं नाव पुकारायचे. नाही पुकारलं तर घरी परत.

“ज्या दिवशी बाप कामावर लागे, त्या दिवशी नीट जेवण. माय वाढायच्या आधी म्हणे, आज कोण्या बिचाऱ्याच्या घरी काय झालं असंन बाप्पा. अन् मग वाढे. रोज. एक दिवस चुकली नाही.” ते जरा हसले. “मी समजलो, तुमच्यातला कोणी पडला-झडला असंन, म्हणून बोलावलं. तो बरा झाला की मी मोकळा. म्हणून विचारलं नं मी पहिल्या दिवशी, आजारी कोण आहे. इथं तर कोणी आजारी नव्हतंच. चांगला पोरगा उठवला तुम्ही माझ्यासाठी.”

मग त्यांनी निखिलचं बाकीचं सांगितलं, जे आमच्यापैकी कोणाला माहीत नव्हतं. त्याचा प्रोजेक्ट संपला होता. आमच्याकडच्या कंपन्यांत अशा माणसाला ‘बेंचवर’ आहे म्हणतात. नोकरी नावाला असते, काम नसतं, आणि फार दिवस काम नाही मिळालं तर व्हिसाही जातो. तो दिवसभर खोलीत एकटा बसून असे. रविवारचा आपला सामना, त्याआधीची खिचडी, मराठीतली चेष्टामस्करी, एवढंच त्याचं आठवड्याचं बोलणं होतं. “ऑफिसातही बेंचवर अन् इथंही बेंचवर,” काका म्हणाले. “मी म्हटलं, कोणाला सांगितलं का नाही? तर म्हणतो, दादांनी विचारलं होतं, चालेल का म्हणून. मी चालेल म्हटलं.”

माझ्या वडिलांच्या बदलीत ट्रक यायचा. त्यांच्या वडिलांच्या बदलीत कोणाच्या तरी घरी मयत व्हायची. शब्द तोच होता आणि तो मी निवडला होता.

पुढच्या शनिवारी दुपारी आपल्याकडे मीटिंग झाली. काकांनीच बोलावली होती. ते म्हणाले, निखिलला परत आणा, मी बाजूला होतो.

“आता नाही जमत, काका,” बाबा म्हणाले. “लीगमध्ये सीझनला एकच ट्रेड. दोन मॅचेस राहिल्यात. एक जिंकली की वाचलो.”

“ठीक. मग मी येतो. पण बदलीवर म्हणूनच येतो. तुमची पाच पोरं पायावर उभी आहेत, तोवर मी उठणार नाही.”

“काका, हे काय यार!” अमित ओरडला. “तुमच्यासाठी आम्ही प्लेअर दिला!”

“मला विचारून दिला का?”

तेव्हा बाबा चिडले. त्यांना दोष देऊ नका. रात्रंदिवस त्या संघासाठी धावत होते ते. बाबा म्हणाले, “काका, आता असं नका बोलू. तुम्हाला सगळं माहीत होतं. आईनं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. हो ना, आई?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात चहाचा ट्रे होता. पार्किंगमधलं सगळं मला ठाऊक होतं. पत्रातला शब्द ठाऊक होता. एका वाक्याचं काम होतं. मंडळात लोक माझ्याकडे शब्दाचा अर्थ विचारायला यायचे, गणपतीच्या पत्रिका मी तपासायचे. मी म्हणाले, “हो. लिहिलं होतं.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. ट्रेमधला एक कप उचलला आणि म्हणाले, “असंन. माझंच वाचण्यात चुकलं असंन.”

राहिलेल्या दोनांपैकी पहिला सामना आम्ही मोठ्या फरकानं हरलो. ते बाकावर बसून होते, हात गुडघ्यांवर. दुसऱ्या सामन्यात शेवटची आठ मिनिटं राहिली असताना आमच्या एका मुलाचा घोटा मुरगळला. बाकावर दुसरं कोणीच नव्हतं. ते उठले. त्या मुलाला टेकू देऊन आधी बाकावर आणून बसवलं, पाय उंच ठेवायला स्वतःचं जाकीट घडी करून दिलं, आणि मग आत गेले. त्या आठ मिनिटांत त्यांनी सहा बास्केट केल्या आणि तरी आम्ही तीन गुणांनी हरलो. मी बेरीज दोनदा तपासली.

लीगमधून आम्ही बाहेर पडलो. हॉलच्या दारात बाबा म्हणाले, “काकांनी डबल गेम केला. जुन्या टीमशी आतून सेटिंग होतं.” ते रागात बोलले, पण तो शब्द मंडळात पसरला. मंडळात काहींनी त्याला आणखी रंग दिले, काका कोणत्या वस्तीतून आलेत त्यावरून. ते शब्द मी इथे लिहिणार नाही. पुढच्या संक्रांतीला त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवायला फारसं कोणी पुढे झालं नाही. ते बायको आणि दोन मुलींना घेऊन आले, मागच्या रांगेत बसले, कार्यक्रम पूर्ण पाहिला आणि गेले. त्यानंतर ते मंडळात आले नाहीत. चौदा एप्रिलला मात्र त्यांच्या घरी मोठी पंगत असे आणि तिचं आमंत्रण ते आम्हा सर्वांना करत राहिले. मी दरवर्षी गेले. जेवायला जायला मला संकोच वाटला नाही, बोलायला वाटला.

त्याच हिवाळ्यात शनिवारी सकाळी लायब्ररीत जाताना मला पार्कमधल्या उघड्या कोर्टवर दोन माणसं दिसू लागली. एक उंच आणि एक बुटका. काका निखिलला त्याच्या खोलीवरून गाडीत घालून आणायचे. थंडीत दोघांच्या तोंडून वाफा निघत. “फळीकडं पाहू नको, कडीकडं पाहा,” एवढंच पुन्हा पुन्हा ऐकू यायचं. मार्चमध्ये निखिलला दुसऱ्या कंपनीत काम मिळालं. तरी तो येत राहिला. मग घोटा मुरगळलेला मुलगा आला. मग अमित आला, कान पकडून. काका त्याला म्हणाले, “कान सोड आधी. दोन्ही हात लागतात बॉलला.” मग तेलुगू मुलं आली, एक चिनी पोस्टमन आला, हायस्कूलची दोन मुलं आली. कोणी बाहेर बसला की काका घड्याळ बघायचे. दहा मिनिटं झाली की आतला बाहेर आणि बाहेरचा आत. पहिली दहा मिनिटं बाहेर बसायची पाळी नेहमी त्यांची स्वतःची.

तुमचे बाबा आले नाहीत.

मी एका शनिवारी तिथे थांबले. काका बाहेर बसलेले होते. मी उभ्या उभ्याच म्हणाले, “ती चूक माझी होती. शब्द माझा चुकला. आणि त्या दिवशी मी बोलले नाही.”

“मला माहीत आहे नं, ताई. चिठ्ठी आहे माझ्याजवळ.”

“मग दाखवली का नाही तुम्ही? सगळ्यांसमोर?”

ते कोर्टकडे पाहत म्हणाले, “दाखवली असती तर मी उठलो असतो अन् माझ्या जागी तुम्ही बाकावर बसल्या असत्या. पुन्हा तेच झालं असतं.”

“मी मुलाला सांगते.”

“सांगा, जमलं तर. घाई नाही.” मग घड्याळ पाहून म्हणाले, “माझी वेळ झाली,” आणि आत गेले.

मी सांगितलं नाही. आधी वाटलं, बाबांचं लग्न होऊ दे. मग ओजस झाला, मग रेवा, मग तुम्ही सिॲटलला गेलात. २००८ मध्ये त्यांचा विभागच कंपनीनं बंद केला. ते म्हणाले, आता या वयात नवी नोकरी कोण देतं, पोरांना मिळू दे. महिन्याभरात घर आवरून नागपूरला गेले. मी निरोपाला गेले होते. पंधरा-वीस मुलं जमली होती, सामान उचलायला. बाबांचा एक फोन झाला असता तर त्यांना आनंद झाला असता, असं मला वाटलं. ते तसं काही म्हणाले नाहीत.

तिथून त्यांची पत्रं यायची. त्यांनी कधीही विचारलं नाही, सांगितलं का म्हणून. गेल्या महिन्यात निखिलचा फोन आला. तो आता इथेच घर घेऊन राहतो, त्याच्या डोक्यावरचे निम्मे केस गेलेत. तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा सुरू करत होता. मी त्याला म्हटलं, सावकाश सांग. तेव्हा कळलं.

आता बाबा वाचताना थांबले असतील. थांबू नकोस रे, वाच पुढे. काकांनी डबल गेम केला नव्हता. त्यांचं कोणाशी सेटिंग नव्हतं. तुझ्या आईनं चुकीचा शब्द लिहिला, तो तिला नंतर कळला, आणि सगळ्या संघासमोर तुझ्याकडे पाहत ती ‘हो’ म्हणाली. इतकी वर्षं तू त्या माणसाबद्दल जे समजून होतास, ते माझ्यामुळे. तू त्यांच्याशी बोलला नाहीस, तेही माझ्यामुळे. आता त्यांच्याशी बोलता येणार नाही. त्यांच्या पत्नीचा नागपूरचा फोन नंबर निखिलकडे आहे. फोन करायचा की नाही, ते तू ठरव. मुलांच्या समोर हे वाचायला लावलं, याबद्दल रागावलास तर तो राग बरोबर आहे. एकट्याला लिहिलं असतं, तर तू घडी करून ठेवून दिलं असतंस आणि मला फोनवर ‘आई, जाऊ दे गं’ म्हणाला असतास. तेच मला नको होतं.

ओजस, तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. बास्केटबॉलपुरतं बोलायचं, तर अनुभवी माणूस घ्यावा. आम्ही घेतला आणि लागोपाठ तीन सामने जिंकलो, माझ्याकडे लिहिलेलं आहे. तुझ्या टीममधले ते लोक मला माहीत नाहीत, त्यांना पुष्कळ पैसे मिळतात, आणि आज इथे तर उद्या तिथे हे त्यांच्या नोकरीतच आहे. पण त्या दोन बेबीजपैकी एखादा नुकताच त्या गावात घर शोधत असेल. तू ट्रेड करताना त्याचं नाव एकदा मोठ्यानं घे. बाकी मला काही सुचत नाही.

काका नाहीत. मंडळाचा संघ नाही, ती लीगही काही वर्षांनी बंद पडली. शनिवारी सकाळचा खेळ अजून चालू आहे. परवा मी तिथून चालत गेले तेव्हा अकरा जण होते. दहा खेळत होते आणि एक बाहेर बसला होता. मी पाहत उभी राहिले. दहा मिनिटांनी तो आत गेला आणि दुसरा बाहेर येऊन बसला.

तुमची,
आजी